शेंडा आणि काडी

वेरूळला आलेला माणूस कैलास पाहण्यातच दमतो. बाराव्या लेण्यापर्यंत, म्हणजे तीन मजली ‘तीन ताल’पर्यंत पोहोचणारे थोडे, आणि पोहोचले तरी ते मूर्ती पाहून परततात. भिंतीला आणि छताला चिकटून राहिलेल्या मातीच्या गिलाव्याकडे पाहायला कोणाला सवड नसते. पुरातत्त्व खात्यातले रसायनतज्ज्ञ राजदेव सिंग आणि औरंगाबादच्या विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ एम. एम. सरदेसाई यांनी नेमका तोच गिलावा सूक्ष्मदर्शकाखाली धरला. 2016 साली ‘करंट सायन्स’मध्ये त्यांनी मांडले, की मातीत कालवलेला काडीकचरा भांगेच्या झाडाचा असून त्याचे प्रमाण साधारण 10 टक्के आहे. ओळख पटवण्यासाठी त्यांनी जालना जिल्ह्यातून आणि दिल्लीच्या आसपासून ताजी झाडे आणून ताडून पाहिली. देवगिरी किल्ल्यातल्या गिलाव्यातही तीच वनस्पती निघाली. अजिंठ्यात मात्र ती नाही.

बातम्यांचे मथळे अर्थातच ‘गांजाने तारले वेरूळ’ या छापाचे होते. संशोधकांचा तर्कही त्याच दिशेचा होता: अजिंठ्याच्या चित्रांची किडींनी बरीच नासाडी केली, वेरूळचा गिलावा त्यामानाने तगला, कारण भांगेची काडी ओल सांभाळते आणि किडीला लांब ठेवते. गिलाव्यात भांग आहे हे मला पटते; तिच्यामुळेच तो टिकला हे तितक्या सहज पटत नाही. दोन्हीकडचा खडक, पाण्याचा पाझर, चित्रांचा पसारा, वटवाघळे, माणसांचा राबता, सगळेच वेगळे. त्यातून एकट्या भांगेला श्रेय देणे घाईचे होईल. पण श्रेयाचा वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. बारावे लेणे साधारण आठव्या शतकातले, आणि देवगिरी यादवांची राजधानी झाली बाराव्या शतकाच्या अखेरीस. मधे चार शतके गेली, तरी दोन्हीकडे गिलाव्यात तोच माल. ही एखाद्या गवंड्याची लहर नव्हे, या परिसरात चालत आलेली रीत असणार. आणि त्या गवंड्याला झाडाच्या शेंड्याशी काही कर्तव्य नव्हते. त्याला काडी हवी होती.

आपल्याकडच्या भांगेच्या चर्चेतून ही काडीच गायब आहे. इंग्रज सरकारने 1893-94 मध्ये नेमलेल्या आयोगाने हजाराहून जास्त साक्षी घेतल्या आणि सात खंडांचा अहवाल लिहिला. त्याच्या केंद्रस्थानी होता नशा करणारा: तो वेडा होतो का, गुन्हेगार होतो का, सरकारने महसूल घ्यावा की बंदी घालावी. माफक सेवनाने फारसे बिघडत नाही आणि सरसकट बंदीची गरज नाही, असा निर्वाळा आयोगाने दिला. पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत पारडे कधी बंदीकडे, कधी औषधी गुणांकडे झुकले, पण बोलणे चालू राहिले ते शेंड्याबद्दलच. पोलीस शेंडा जप्त करतात, शौकीन शेंडा ओढतात, डॉक्टर शेंड्यातल्या रसायनांचा अर्क काढतात.

गंमत म्हणजे हा फरक कायद्याला पहिल्यापासून ठाऊक आहे. 1985 चा अमली पदार्थांविषयीचा एनडीपीएस कायदा गांजाची व्याख्या करताना फुलोऱ्याचे शेंडे धरतो. शेंड्यांशिवायच्या बिया आणि पाने त्यातून वगळतो. त्याच कायद्याच्या 14 व्या कलमाने तंतू आणि बियांसाठी भांगेची लागवड करू देण्याचा अधिकार सरकारला दिला आहे. ज्या 1961 च्या आंतरराष्ट्रीय करारापाठोपाठ आपला कायदा आला, त्यानेही तंतू-बियांसाठीची लागवड आपल्या कक्षेबाहेर ठेवली होती. म्हणजे दोरासाठी आणि तेलासाठी हे झाड लावायला दार कधी पूर्ण बंद नव्हतेच. ते ढकलून पाहायला उत्तराखंडने 2018 साल उजाडू दिले. बियांना, त्यांच्या तेलाला आणि पिठाला अन्न म्हणून केंद्रीय मान्यता मिळाली ती 2021 मध्ये. गढवाल-कुमाऊंच्या लोकांना मान्यतेची वाट पाहावी लागली नव्हती. तिथे भांगेच्या भाजलेल्या बियांची चटणी घरोघरी होते, आणि तिच्या वाखाचे ‘भंगेला’ नावाचे जाडेभरडे कापड पूर्वीपासून विणले जायचे.

इथवर वाचून कोणाला वाटेल, की आता मी भांगेची आरती ओवाळणार. ती ओवाळणारे पुष्कळ आहेत, आणि माझ्या मते या झाडाचे निम्मे नुकसान त्यांनीच केले आहे. जॅक हेरर या अमेरिकन प्रचारकाचे 1985 साली आलेले पुस्तक हा या पंथाचा आद्य ग्रंथ. कागद, इंधन, कापड, अन्न, सगळ्यावर हेच एक उत्तर, आणि बंदी म्हणजे केवळ कागद व रसायन कंपन्यांचे कारस्थान, असा त्याचा सूर. तेव्हापासून काही गोष्टी फिरतच आहेत. अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा भांगेच्या कागदावर लिहिला म्हणतात. तो आहे चामड्याच्या पत्रावर. हेन्री फोर्डने 1941 मध्ये भांगेची मोटार बनवली म्हणतात. त्या मोटारीची ख्याती खरे तर सोयाबीनची होती. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला असली चमत्कारी पिके नवीन नाहीत. सफेद मुसळी, जट्रोफा, इमू यांच्या सभांना त्याने हजेरी लावली आहे आणि त्याची किंमतही मोजली आहे. अमेरिकेतही 2018 च्या शेती कायद्याने वाट मोकळी करताच लोकांनी शेंड्यातल्या सीबीडी या रसायनाच्या अर्कासाठी धडाधड लागवडी केल्या आणि वर्षा-दोन वर्षांत भाव कोसळले. तिथेही घात झाला तो शेंड्याच्याच मागे लागल्याने.

म्हणून दावे एकेक करून तपासावेत. सगळ्यात जास्त ऐकू येणारा दावा पाण्याचा: भांगेला कापसापेक्षा कितीतरी कमी पाणी लागते. असेल. पण विदर्भ-मराठवाड्यातला बहुतेक कापूस कोरडवाहू आहे. जे पाणी आपण देतच नाही ते वाचणार कसे? शिवाय वाख काढायचा तर काड्या पाण्यात सडवाव्या लागतात किंवा दव-पावसात शेतात पसरून ठेवाव्या लागतात, हे या हिशेबात कोणी धरत नाही. दुसरा दावा जमिनीचा. दाट पेरलेली भांग तणाला डोके वर काढू देत नाही आणि तिचे सोटमूळ खोल जाते, हे खरे. पण ती नत्र खाणारी आहे. हिरवळीचे खत म्हणून आपण गाडतो तो ताग शेंगवर्गीय, स्वतः नत्र बांधणारा. भांग तसली नाही. तिसरा दावा पोषणाचा. भांगेच्या बीमध्ये सुमारे पाव हिस्सा प्रथिने, तीस टक्क्यांवर तेल, आणि त्या तेलात ओमेगा-3. चांगलेच आहे. मात्र ओमेगा-3 च्या बाबतीत आपली जवस तिच्या कितीतरी पुढे आहे, आणि पुण्या-मुंबईच्या दुकानांत भांगेच्या बियांची पाकिटे ज्या भावाने विकली जातात त्यात जवसाची पिशवी येईल. या जवसाच्या काडीतही लिननचा तंतू असतो. विदर्भात आपण तिचे बी घेतो आणि काडीकडे पाठ फिरवतो.

इटलीतल्या तारांतोचे उदाहरण जमीन शुद्ध करण्याच्या संदर्भात नेहमी दिले जाते. तिथल्या अवाढव्य पोलाद कारखान्याजवळ डायॉक्सिनमुळे 2008 मध्ये एका मेंढपाळ कुटुंबाचा शेकडो मेंढ्यांचा कळप मारावा लागला. पुढे त्या जमिनीवर भांग लावली गेली. झाड जमिनीतले काही जड धातू ओढून घेते हे खरे. पण ओढून घेतलेले विष झाडातच राहते. त्या झाडाचे पुढे काय करायचे, याचे उत्तर मिळेपर्यंत या गुणाचे कौतुक अर्धवटच. आणि ज्या जमिनीत कॅडमियम आहे तिथल्या भांगेची बी खाऊ नये, हेही त्याच गुणातून निघते.

इतके वजा केल्यावर जे उरते ते मला फार मोलाचे वाटते, आणि ते वेरूळच्या गवंड्याच्या हातात होते तेच आहे. वाख सोलून घेतल्यावर काडीचा जो हलका, सच्छिद्र गाभा उरतो, तो तुकडे करून चुन्यात कालवतात आणि लाकडी सांगाड्याभोवती ठासून भिंत उभी करतात. फ्रान्समध्ये 1980 च्या दशकात जुनी लाकडी घरे दुरुस्त करताना ही पद्धत पुढे आली. तिला हेम्पक्रीट म्हणतात; पण काँक्रीटशी तिचे नाते नावापुरते. ही भिंत भार पेलत नाही, तो सांगाडा पेलतो. काँक्रीटचा घनमीटर 2400 किलोच्या घरात जातो, हिचा साधारण तीन-चारशे किलोंत. काडीत कोंडलेल्या हवेमुळे उष्णता आत यायला वेळ लागतो, भिंत हवेतली ओल घेते आणि सोडते, चुन्यामुळे कीड आणि आग दोन्हींना ती दाद देत नाही. उणेपणही सांगायला हवे: वाळायला कित्येक आठवडे लागतात, आणि चुना भाजताना जो धूर होतो तो झाडाने शोषलेल्या कर्बातून वजा करावा लागतो. पौडी गढवालमधल्या यमकेश्वर भागात असे घर उभे राहिले आहे.

मराठवाड्यात मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत दुपार काढलेल्याला या भिंतीचे मोल वेगळे सांगायला नको. आपल्याकडे ही कल्पना परकीही नाही. तुराट्यांचा, पऱ्हाट्यांचा, सणकाड्यांचा कूड उभा करून शेणामातीने लिंपायचा, अशी घरे परवापरवापर्यंत गावोगाव होती. सिमेंट आले, पत्रे आले, कूड गरिबीची खूण ठरला. पऱ्हाटी आता बांधावर पेटवली जाते.

आणि इथेच भांगेच्या बाजूने बोलणाऱ्याने थोडे थांबावे. महाराष्ट्रात दोराचे काम भांगेने कधी फारसे केले नाही. ते केले अंबाडीने, तागाने आणि घायपाताने. अंबाडी आपल्याला भाजीपुरती आणि भाकरीपुरती आठवते, पण तिच्या काडीचा वाख म्हणजे कासरा, दावे, चऱ्हाट, मोटेचा नाडा. जॉन फोर्ब्स रॉयलने 1855 साली हिंदुस्थानातल्या तंतुवनस्पतींवर ग्रंथ लिहिला, तेव्हा रशियाशी चाललेल्या युद्धामुळे इंग्लंडला जहाजांच्या दोरांची चिंता लागली होती, आणि त्याच्या यादीत आपल्या अंबाडीला जागा होती. बीएमडब्ल्यूच्या आय-3 या विजेच्या मोटारीच्या दारांच्या आतल्या बाजूला जो तंतू दाबून बसवला होता तो अंबाडीचाच. जर्मन मोटारीच्या दारात ती बसली आणि लातूरच्या शिवारात ती बांधापुरती उरते. यात दोष कायद्याचा नाही, कारण अंबाडीवर कसलीच बंदी नाही. काडीच गेली, ती भांगेची असो वा अंबाडीची.

ती का गेली, याचे उत्तर नायलॉन एवढेच देऊन भागणार नाही. वाख काढणे आणि दोर वळणे हे गावगाड्यात मातंगांच्या वाट्याचे काम होते. सडक्या काड्यांच्या घाण पाण्यात कमरेइतके उभे राहून तंतू सोलायचा, वळायचा, आणि सुगीला शेतकऱ्याने देऊ केलेले बलुते घ्यायचे. नायलॉनचा दोर आला तेव्हा पोट गेल्याचे दुःख झाले असेल, पण त्या पाण्यात परत उतरायची हौस कोणाला असणार? नैसर्गिक तंतूंच्या पुनरुज्जीवनाबद्दल शहरात जे उमाळ्याने लिहिले जाते, त्यात हे पाणी कुठेच नसते. आज काडी सोलायला यंत्रे आहेत. मग प्रश्न यंत्र कुठे बसणार आणि त्याची मालकी कोणाची, हा. काडी फुगीर आणि हलकी. ट्रक भरतो पण वजन भरत नाही, त्यामुळे लांबच्या कारखान्यापर्यंत तिची वाहतूक परवडत नाही. यंत्र शेतापासून थोड्या अंतरावरच हवे, आणि वाख व गाभा दोन्ही घेणारे गिऱ्हाईक आधी हवे. उत्तराखंडात परवाने देऊनही काम रखडत चालले, त्यामागे ही साखळी नसणे हे एक कारण. दुसरे बियाण्याचे: नशेच्या द्रव्याची मर्यादा 0.3 टक्के, आणि डोंगरातले देशी वाण सहसा ती ओलांडतात. युरोपातले नशाहीन वाण आपल्या अक्षांशाला आणले तर दिवस लहान मिळाल्याने ते लवकर फुलोऱ्यात येतात आणि काडी बुटकी राहते. त्यामुळे आयात बियाणे विकायला येणाऱ्या एजंटाला शेतकऱ्याने पहिला प्रश्न उंचीचा विचारावा.

सरकारने करावे असे काम त्यामुळे लहान आहे. 14 व्या कलमाचा आधार घेऊन परभणीच्या कृषी विद्यापीठाला कुंपणाच्या आत चार-दोन एकरांवर भांगेचे वाण तपासू द्यावेत, तिथल्याच जमिनीत शेजारी अंबाडी आणि ताग लावावेत. तिन्ही काड्यांचा गाभा चुन्यात कालवून सारख्या मापाच्या तीन खोल्या बांधाव्यात, चौथी पऱ्हाटीची, पाचवी नेहमीच्या सिमेंटच्या विटांची. दोन उन्हाळे आणि दोन पावसाळे आतले तापमान, ओल आणि वाळवी मोजावी; एकरी किती वाख, किती गाभा, किती मजुरी, हे मांडावे. भांगेची खोली खरोखरच सरस ठरली, तर पोलिसांच्या देखरेखीचा खर्च आणि कटकट सोसण्यात अर्थ आहे. अंबाडी तिच्या बरोबरीला आली, तर भांगेचा हट्ट सोडून अंबाडी पेरावी. तिला परवाना लागत नाही, आणि कोवळा पाला भाजीला मिळतो.