सहावा वाटा

नागपूरहून वर्ध्याला जाताना धाम नदीच्या काठी पवनार लागते. विनोबांचा परमधाम आश्रम तिथलाच. १९५१ साली तेलंगणात भूदानयात्रा सुरू झाली; देशभर पायी हिंडून १९६४ साली विनोबा पवनारला परतले. जमीनवाल्यांपाशी त्यांचे मागणे साधे असे : तुम्हाला पाच मुलगे असतील, तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या.

या सहाव्या मुलाची मला शाळेच्या वाटेवर आठवण होते. शाळा भरण्याची वेळ पाहावी. फाटकासमोर स्कूटरी, रिक्षा, मोटारी यांची एकच दाटी. प्रत्येक जण आपले मूल अगदी दारात, सुखरूप उतरवण्याच्या घाईत. त्या गर्दीतून दप्तर सावरीत वाट काढते ते पायी आलेले मूल. आपल्या लेकराच्या मायेपोटी आपण दुसऱ्याच्या लेकराला भय निर्माण करतो, आणि ते आपल्या ध्यानातही येत नाही.

अपघात झाला की आपण म्हणतो, “मूल मध्येच धावले.” खरे आहे, पण धावणे हा मुलाचा धर्मच नव्हे काय? उभ्या मोटारीआडून त्याला पलीकडचे दिसत नाही, येणाऱ्या गाडीच्या वेगाचा अंदाज त्याला बांधता येत नाही. वेग मात्र मोठ्यांच्या हाती असतो. ताशी ३० किलोमीटरऐवजी ५०ने गाडी हाकली, तर तिच्या धडकेतली शक्ती पावणेतीन पट होते. २०२२ साली भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. चूक लहानाची आणि शिक्षा मृत्यूची, हा कोणता न्याय?

स्वीडनच्या संसदेने १९९७ साली वेगळा विचार स्वीकारला : माणूस चुकणारच, त्या चुकीपायी त्याचा जीव जाऊ नये, असा रस्ता बांधणे हे बांधणाऱ्याचे कर्तव्य. शाळेपाशी उंचावलेली ओलांडणी, गतिरोधक, मोकळी पायवाट, थोड्या अंतरावर वाहनतळ, एवढ्याने पुष्कळ साधते.

कोणी म्हणेल, ही पायी चालणाऱ्यावर मेहेरबानीच. विनोबा दानाचा अर्थ ‘संविभाग’, म्हणजे नीट केलेली वाटणी, असा सांगत. वाटणीत उपकार नसतो. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही चालण्याजोग्या पदपथाचा हक्क जीविताच्या हक्कातच मोडतो, असे सांगितले. पण न्यायालय फाटकाशी रोज सकाळी उभे राहू शकत नाही. तिथे आपणच असतो.

दिवाळीची सुट्टी संपेल, शाळा पुन्हा भरतील. त्या पहिल्या सकाळी गाडी शंभर पावले अलीकडे थांबवावी आणि मुलाचे बोट धरून उरलेली वाट चालावी. शेजारून एखादे अनोळखी पोर एकटेच चालत असेल. त्याला सहावे समजावे.