कृतज्ञता : मनींची आणि मुखींची

'कृतज्ञ' म्हणजे केलेले जाणणारा. 'कृतघ्न' म्हणजे केलेले मारणारा. मग ज्याने उपकार मनात जाणला, परंतु मुखाने कधी सांगितला नाही, त्याला कोणत्या पंक्तीत बसवावे? हा प्रश्न आपणा निवृत्तिमार्गीयांस विशेष विचारणीय आहे. भिक्षा घ्यावी, पण दात्याच्या घराशी ममत्व जोडू नये, ही आपली शिकवण. तिच्या आधाराने आपण पुष्कळदा मौनालाच वैराग्य समजतो.

काही वर्षांपूर्वी खडकी येथील मुक्कामात मला ज्वर आला. शेजारच्या एका वृद्ध माउलीने पाच दिवस दोन्ही वेळा पेज आणून दिली. बरे वाटताच मी पुढे निघालो. बोललो तर ममत्व वाढेल, या समजुतीने तिला एक शब्दही बोललो नाही. वर्षाने परत आलो, तो तिचा देह पडलेला. सून म्हणाली, "बाबा, पेज गोड लागत होती ना? आत्याबाई शेवटपर्यंत म्हणत होत्या, माझ्या हातून काही उणे राहिले असेल, म्हणून बाबा काही बोलले नाहीत." माझे वैराग्य त्या माउलीच्या मनात शंका होऊन राहिले होते.

त्याच दिवशी खडकीच्या युद्धस्मशानभूमीत गेलो. दुसऱ्या महायुद्धातील १६६८ सैनिक तेथे विसावले आहेत. मुंबईच्या शिवडी येथील ६२९ सैनिकांचे अवशेषही मार्च १९६२ मध्ये तेथे आणून पुरले गेले. युद्ध ही हिंसाच. तिचे समर्थन येथे कर्तव्य नाही. परंतु मृतांना काही ऐकू येत नसताही नावे कोरून जपली जातात, हे ध्यानी घेण्यासारखे आहे. मग ऐकू येणाऱ्या जिवंत माणसापुढे आपण मुके का?

आपल्या परंपरेने तरी असे मौन धरले नाही. म्हाइंभट्टांनी ज्यांनी पाहिले, ऐकले, त्यांच्याकडे गावोगाव जाऊन लीळा गोळा केल्या, आणि पुढे पाठभेदही ज्याचे त्याच्या नावानिशी जपले गेले. ज्याच्याकडून मिळाले त्याचे नाव सांगणे, हीच कृतज्ञतेची पहिली पायरी होय.

आता शंका उरते ती बंधनाची. ममत्व म्हणते, 'हे माझे.' कृतज्ञता म्हणते, 'हे माझे नव्हते, तुम्ही दिलेत.' पहिल्याने अहंकार पोसला जातो, दुसऱ्याने तो झिजतो. म्हणून दोहोंची गल्लत करू नये. पुढे आणखी मिळावे म्हणून केलेली स्तुती मात्र कृतज्ञता नव्हे, ती आडवाटेची याचनाच. मिळून चुकलेल्यासाठी, मागे काही अपेक्षा न ठेवता, दोन शब्द बोलणे ही खरी कृतज्ञता.

गृहस्थांनाही हेच लागू. रोज ताट वाढणारी, पाणी भरणारा, आजारात उशाशी बसणारे, यांचे करणे नित्याचे झाले म्हणून न केल्यासारखे होत नाही. न बोलल्याने ते हळूहळू मरते. आणि अहिंसेचे व्रत घेतलेल्याने हेही मारणे टाळावयास हवे.

परमेश्वराच्या कृपेची फेड जीवाला शक्य नाही. तिचे स्मरण तेवढे हाती आहे. परंतु वाटीभर पेजेचे स्मरण ज्याच्या मुखी आले नाही, त्याने आपल्या नामस्मरणाची खोली एकदा तपासून पाहावी. मी ती तपासतो आहे. त्या माउलीला सांगणे आता राहूनच गेले. वाचकांनी आपले तसे राहू देऊ नये.

दंडवत प्रणाम.