थोड्यांचें मोल

रत्नागिरी जिल्ह्यांत वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीचीं समुद्री कासवें अंडीं घालावयास येतात. तीं अंडीं पूर्वीं खाण्यासाठीं उकरून नेलीं जात. २००२ सालीं चिपळूणच्या ‘सह्याद्रि निसर्गमित्र’ या संस्थेनें तेथें रक्षणाचें काम आरंभिलें. पुढें वनखातें व गांवकरी यांच्या हातून तें जिल्ह्यांतील इतर किनाऱ्यांवरही पसरलें. अंडीं कुंपणांतील वाळूंत पुरावयाचीं आणि पिलें बाहेर पडतांच समुद्रांत सोडावयाचीं, असें हें साधें काम. त्यावर एक आक्षेप ऐकूं येतो: ओडिशाच्या किनाऱ्यावर हींच कासवें लाखोंनीं येतात, मग येथील मूठभरांसाठीं हा खटाटोप कां?

आक्षेप हिशेबी आहे. पण हिशेब अपुरा आहे. मादी बहुधा आपल्या जन्मप्रदेशाच्याच किनाऱ्यावर परतते. त्यामुळें एका किनाऱ्याची मातृपरंपरा दुसऱ्याहून निराळी असूं शकते. २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत भारताच्या पूर्व किनाऱ्यावरील कासवांचा वंश निराळा व या जातीच्या इतर वंशांहून प्राचीन असल्याचें दिसून आलें. डोळ्यांस सारखीं दिसणारीं कासवें रक्तानेंही सारखींच, असें म्हणतां येत नाहीं. रोगराई किंवा हवापालट आला असतां जातीस तारणारा गुण कोणत्या वंशांत दडला असेल, हें आगाऊ कोण सांगणार?

यावर प्रतिपक्षी म्हणेल, २०२१ सालीं ओडिशांत खूणपट्टी लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्यें गुहागरास अंडीं घालतांना सांपडली. दोन्ही किनाऱ्यांचें दळणवळण असेल, तर येथील गेलीं तरी तेथून येतील! आम्हांस हें पटत नाहीं. एक पाहुणी आल्यानें ओसाड घर नांदतें होत नाहीं. शिवाय येथें वाळू निर्वेध राहिली, म्हणूनच तिची अंडीं वांचलीं.

‘दुसरीकडे पुष्कळ आहेत’ हें उत्तर आम्हांस भय वाटण्याजोगें वाटतें. तें आज कासवांस लावलें, तर उद्यां लहान गांवास आणि थोडक्यांच्या बोलीसही लावतां येईल. जें घडविण्याचें सामर्थ्य आपणांत नाहीं, तें थोडें आहे एवढ्याच कारणास्तव बुडूं देण्याचा अधिकारही आपणांस नाहीं. वेळासच्या गांवकऱ्यांनीं हें तत्त्व ग्रंथांत न शोधतां वाळूंत आचरून दाखविलें, याबद्दल आम्हांस त्यांचें कौतुक वाटतें.