परत न येण्याचा संकल्प

मांजर्लीच्या आमच्या लहानशा मंडळीत राहुरीकडून पोटासाठी आलेला एक तरुण आहे. अंबरनाथच्या एका कारखान्यात तो कामास जातो आणि उल्हास नदीच्या अंगास, जेथे पूर्वी भाताची खाचरे होती व आता इमारती उभ्या आहेत, तेथे भाड्याच्या खोलीत राहतो. 2013 साली एका रविवारी उपासना आटोपल्यावर तो मागे थांबला आणि मला म्हणाला, "पाळकसाहेब, मंगळावर कायमचे राहावयास माणसे पाहिजेत. मी नाव दिले तर पाप होईल काय?"

मी हसलो. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. सतरंजी गुंडाळून ठेवून तो मुकाट्याने निघून गेला.

ते हसणे मला पुढे फार दिवस टोचत राहिले, आणि त्याचे कारण असे. त्या आधीच्याच आठवड्यात मी गॉर्डन हॉल साहेबांवर उपदेश केला होता. 1812 मध्ये अमेरिकेहून निघून 1813 च्या फेब्रुवारीत मुंबईस उतरलेला हा पुरुष पुन्हा स्वदेशी गेला नाही, हे मी मोठ्या अभिमानाने सांगितले होते. ज्या गोष्टीसाठी दोनशे वर्षांपूर्वीच्या मनुष्याची मी स्तुती केली, तीच गोष्ट माझ्यासमोर बसणाऱ्या कामगाराने बोलताच मला तिचे हसू आले. हा न्याय नव्हे.

वाचकांपैकी कित्येकांस तो प्रकार ठाऊक नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. हॉलंड देशातील बास लान्सडॉर्प नामक गृहस्थाने 'मार्स वन' नावाची एक योजना 2012 मध्ये जाहीर केली. चार-चार माणसांच्या तुकड्या मंगळावर पाठवावयाच्या, आणि त्यांनी तेथेच घर करून तेथेच मरावयाचे. परतीची सोय नाही, कारण मंगळावरून पुन्हा उड्डाण करण्याजोगे यान तेथे नेऊन उभे करणे हे जाण्याहून कितीतरी अवघड व खर्चाचे. हा सर्व खेळ जगास दाखवून त्याच्या प्रक्षेपणाच्या पैशातून खर्च भागवावयाचा, असाही बेत होता. थोडे शुल्क आणि स्वतःविषयीची एक छोटी चित्रफीत एवढ्यावर कोणासही अर्ज करता येई. दोन लाखांवर लोकांनी नावे दिली असे संस्थेने सांगितले. शुल्क भरून अर्ज पुरा करणारे तीन हजारांच्याही आत होते, असे मागाहून उघडकीस आले. 2015 च्या फेब्रुवारीत शंभर जण निवडले गेले, त्यांत तिघे भारतीय होते. आमच्या तरुणाने अर्ज केला होता. तो निवडला गेला नाही.

ते दिवसही तसेच होते. 5 नोव्हेंबर 2013 रोजी आपले मंगलयान श्रीहरिकोट्याहून उडाले व 24 सप्टेंबर 2014 रोजी मंगळाभोवती फिरू लागले. तेव्हा आकाशाकडे पाहणाऱ्या तरुणास मूर्ख म्हणणे मला तरी साधत नाही.

कोणी म्हणतील, असे जाणे ही आत्महत्याच. संयुक्त अरब अमिरातीतील धर्मपंडितांच्या एका मंडळाने 2014 मध्ये असाच निर्णय दिला होता. त्याच वर्षी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्यालयाच्या संशोधकांनी गणित करून दाखविले की, योजनेत लिहिल्याप्रमाणे राहत्या जागेतच पिके काढली, तर त्या पिकांनी सोडलेला प्राणवायू घातक प्रमाणात साचून सुमारे अडुसष्टाव्या दिवशी पहिले माणूस दगावेल. मंगळावर श्वास घेण्याजोगी हवाच नाही. जी विरळ हवा आहे ती जवळजवळ सारी कार्बन डायऑक्साइडची.

तरीही मरणाच्या शक्यतेलाच आत्महत्या म्हणता येईल, असे मला वाटत नाही. हॉल साहेबांबरोबरच्या तुकडीतील हॅरिएट न्यूवेल ही अठरा वर्षांची असताना जहाजावर चढली. कलकत्त्याहून कंपनी सरकारने हाकलल्यावर समुद्रात तिचे तान्हे मूल गेले, आणि 30 नोव्हेंबर 1812 रोजी मॉरिशस बेटावर तीही गेली; वय एकोणीस. तिचा पती सॅम्युएल न्यूवेल 1821 मध्ये मुंबईत पटकीने वारला, व हॉल साहेब 1826 मध्ये नाशिककडील फेरीवर त्याच रोगाने. ह्यांस आत्मघातकी म्हणावयास कोणाची जीभ धजेल? मनुष्य मरणाकडे जातो की मरण वाटेत असूनही एखाद्या कामाकडे जातो, हे पाहिले पाहिजे.

मग माझी अडचण कोठे आहे? ती मागे राहणाऱ्यांपाशी आहे. त्याच तुकडीतील अडोनिराम जडसन ह्याने अ‍ॅन हॅसेल्टाइन हिला मागणी घालताना तिच्या पित्यास 1810 मध्ये एक पत्र लिहिले. त्यात त्याने काही लपविले नाही. ह्या जगात तुमची कन्या तुम्हांस कदाचित पुन्हा दिसणार नाही, समुद्र, उष्ण हवा, हाल, अपमान, कदाचित क्रूर मरण हे सर्व तिच्या वाट्यास येईल. तरी तुम्ही संमती देता काय, असा त्या पत्राचा आशय होता. पित्याने निर्णय मुलीवर सोपविला, व ती गेली. हे पत्र निष्ठुर आहे असे काही जण म्हणतात. मला ते प्रामाणिक वाटते. जो परत न येण्याचा संकल्प करतो तो केवळ स्वतःचे आयुष्य देत नाही. आईचे म्हातारपण, पत्नीचे संसारसुख, लेकरांचा बाप हेही तो देऊन टाकतो, आणि ही वस्तू एकट्याची नव्हे. मंगळासाठी निवडलेल्या शंभरांत विवाहित होते. त्यांच्या घरी काय बोलणे झाले असेल ते त्यांचे त्यांस ठाऊक. परंतु तो प्रश्न उंबरठ्याच्या आत सुटल्यावाचून बाहेर पाऊल टाकणे मला योग्य दिसत नाही.

आपल्या प्रभूने 'कुर्बान' म्हणणाऱ्या पुत्रांस कसे झाडले, हे शुभवर्तमान वाचणाऱ्यांस सांगावयास नको. आईबापांचे देणे देवाच्या नावावर लिहून मोकळे होणे त्यास मान्य नव्हते. आणि तो स्वतः, ज्याचे जाणे सर्वांत मोठ्या कामासाठी होते, त्यानेही वधस्तंभावरून मातेस एका शिष्याच्या हवाली केले. एवढ्या वेदनेत ही व्यवस्था राहिली नाही.

मिशनरी लोकही ह्यात नेहमी निर्दोष होते असे नाही. 1825 मध्ये हॉल साहेबांची पत्नी मुलांस घेऊन अमेरिकेस परतली व साहेब येथे राहिले. पुन्हा भेट झाली नाही. आम्ही त्यांची स्तुती करतो, तिच्याविषयी उपदेश केलेला मी अजून ऐकला नाही.

दुसरी गोष्ट बोलावणाऱ्याची. बुरूज बांधावयास बसणाऱ्याने आधी खर्चाचा हिशेब करावा, हे शहाणपण जाणाऱ्यास आहे तसे पाठविणाऱ्यासही आहे. 'मार्स वन'जवळ स्वतःचे यान नव्हते, पैसाही नव्हता. पहिली तुकडी 2023 मध्ये उतरेल असे सांगून मग तारखा पुढे पुढे गेल्या, आणि 2019 च्या जानेवारीत स्वित्झर्लंडमधील बाझल येथील न्यायालयाने तिच्या व्यापारी कंपनीचे दिवाळे जाहीर केले. कोकणातून व देशावरून ऊस तोडावयास मॉरिशसला गेलेल्या आपल्या गिरमिट्यांस भरती करणाऱ्या दलालांची मला आठवण होते. जाणाऱ्याचे धैर्य खरे असते, आणि ते खोट्या तोंडावर विश्वासून खर्ची पडते.

राहिले काम. तेथे कोणास शिकवावयाचे नाही, कोणाची जखम धुवावयाची नाही, असे मी त्या तरुणास मागाहून म्हणालो. कारण अखेर मी त्याच्या खोलीवर जाऊन क्षमा मागितली. तो म्हणाला, "साहेब, आंबा लावणारा तरी कोणाला खाऊ घालतो? पुढच्यांनाच ना?" ह्यास माझ्यापाशी पुरते उत्तर नव्हते, व आजही नाही. मी एवढेच विचारले, "आईला सांगितलेस काय?"

त्याने सांगितले नव्हते. नाताळात राहुरीस गेला तेव्हा सांगितले. म्हातारीने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "तिकडून निरोप यायला किती दिवस लागतात?" तो म्हणाला, "दिवस नाही आई. फार तर बावीस मिनिटे."

"मग बरंय," ती म्हणाली. "मांजर्लीहून तर पंधरा-पंधरा दिवस येत नाही."