अंगणातली हिरवळ
आजचा श्लोक : गीता ३.१२. देवांनी दिलेलं त्यांना परत न देता जो भोगतो, तो चोरच.

फैजपूरला नव्या घरापुढे ५०० चौरस फूट लॉन अंथरायचं आहे, आईला अनवाणी चालता यावं म्हणून. उन्हाळ्यात रोज ५ मिलिमीटर पाणी धरलं तरी २३० लिटर झालं. बोअर आपल्या अंगणात, पण खालचं पाणी शेजारच्या केळीचंही आहे. मग ही हिरवळ चोरी का?

श्लोक भोगाला नाही म्हणत नाही, न फेडण्याला म्हणतो. पर्जन्याचं देणं फेडायचं ते धरणीतच. १००० चौरस फूट गच्चीवर ७०० मिलिमीटर पावसाचे ६५,००० लिटर पडतात. ते शोषखड्ड्यात जिरवले, तर आठ कोरड्या महिन्यांचा हिशेब जुळतो.

म्हणून आधी खड्डा, मग लॉन.

रामकृष्णहरी.