शिकाऊ हाताचे पाप कोणाचे?

गेल्या चातुर्मासात एका गावी कीर्तन आटोपल्यावर एका गृहस्थांनी मला विचारले, "बुवा, गुरूच्या सांगण्यावरून शिष्याने खोटे काम केले, तर पाप कोणाच्या माथी?" मी शास्त्रात शोभेल असे उत्तर दिले. मंडळींनी माना डोलावल्या, बुक्का लावून घेतला आणि आपापल्या घरी गेली. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही. हाच प्रश्न काही वर्षांपूर्वी एका पोराने मला विचारला होता, आणि त्या वेळी मी दिलेले उत्तर एका बाईंच्या घराला दाराची चौकट होऊन तीन वर्षे उभे होते. ती हकीकत सांगितल्यावाचून या विषयावर चार शब्द लिहिण्याचा मला अधिकार नाही.

मुलगा आमच्या दिंडीतल्या एका टाळकऱ्याचा नातू. घरात पिढीजात सुतारकी नव्हती, शेतमजुरी होती. शाळेत गणिताशी त्याचे जमेना, पण मोडलेल्या पेटीचा भाता बसवून देण्याइतका हात हुशार. २०१६ साली त्याने औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत सुतारकामाला नाव घातले. लोक तिला आयटीआय म्हणतात. कारागीर शिक्षणाची ही सरकारी योजना १९५० सालची, आणि कारखान्यांनी शिकाऊ उमेदवार घ्यावेत हा कायदा १९६१ चा. सुतारकामाचा अभ्यासक्रम एक वर्षाचा, आठवी पास मुलाला तेथे प्रवेश मिळतो. पूर्वी सुताराचे पोरच सुतार व्हायचे. आता कोणाच्याही पोटी जन्मलेल्या मुलाच्या हाती करवत येते, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. आपल्या संतांनी जातीचे कुंपण वाळवंटात मोडले, पण कसबाचे कुंपण त्यानंतरही पुष्कळ काळ उभे होते.

एकदा त्या बाजूला कीर्तनाला गेलो असता मुद्दाम त्याची कार्यशाळा पाहायला गेलो. मनात होते, पोर खुर्च्या-टेबले करीत असेल. पाहतो तो पठ्ठ्या दगडावर पटाशी घासतोय. म्हणाला, "बुवा, पंधरा दिवस झाले, सर धारेपुढे जाऊच देत नाहीत." मग रंधा. लाकडाचा एक ठोकळा घ्यायचा, त्याची एक बाजू सपाट करायची, त्या बाजूवरून दुसरी काटकोनात आणायची. निदेशक येतात, ठोकळ्याला गुण्या लावतात आणि खिडकीकडे धरतात. गुण्या आणि लाकूड यांच्यामधून उजेडाची बारीक रेघ दिसली, की ठोकळा परत. शब्द नाही, रागावणे नाही. उजेड दिसला ना? मग परत!

आणखी एक गोष्ट तेथे शिकलो, ती अजून कीर्तनात सांगतो. करवत लाकूड कापते तेव्हा स्वतःच्या जाडीइतके लाकूड भुसा करून टाकते. म्हणून आखलेल्या रेघेवरच करवत चालवली, तर तुकडा तेवढ्याने आखूड भरतो. रेघ कामाच्या तुकड्यावर शिल्लक ठेवायची आणि करवत टाकाऊ बाजूने चालवायची. याला ते 'रेघ राखून कापणे' म्हणत. कुसू कापताना हे विसरले की तो खाचेत ढिला बसतो, आणि एकदा ढिला झालेला कुसू घट्ट करण्याचा प्रामाणिक उपाय एकच, लाकूड टाकून नवे घेणे.

मी पाठशाळेत वाढलेला माणूस. लघुकौमुदी घोकली, काव्ये लावली, चौसष्ट कलांची यादीही तोंडपाठ केली. त्या यादीत तक्षण, म्हणजे सुतारकी, आहे हेही म्हणत असू. पण आम्हा विद्यार्थ्यांपैकी एकाने जन्मात रंधा हाती धरला नव्हता. आमचे रूप चुकले तर गुरुजी वेताची छडी उगारीत आणि चूक हवेत विरून जाई. सुताराची चूक विरत नाही, लोकांच्या घरात उभी राहते. म्हणून त्याला चुका करण्यासाठी एक वेगळी जागा लागते, जेथे लाकूड फुकट जाते पण कोणाचे घर फुकट जात नाही. गोरोबाकाकांनी थापटणे घेऊन संतांची डोकी तपासली आणि नामदेवांचे मडके कच्चे निघाले, ही कथा आपण हसत हसत सांगतो. कच्चे असणे हा दोष नव्हे हो! कच्चे मडके भाजले म्हणून विकणे हा दोष. नामदेवराय पुढे विसोबांकडे गेले, कोणी त्यांना पक्के म्हणून बाजारात मांडले नाही.

वर्ष संपले, मुलगा पास झाला आणि शहरातल्या एका कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून लागला. तेथे दारे-चौकटी बनत. महिना-दोन महिन्यांनी एकादशीला घरी आला तेव्हा माझ्याकडे येऊन बसला. चेहरा उतरलेला. सागाचे आतले लाकूड तपकिरी आणि टिकाऊ, बाहेरच्या अंगाचे पांढरट, त्याला कीड लागते, हे त्याला संस्थेत शिकवले होते. कारखान्यात पांढऱ्या लाकडाला रंग देऊन तपकिरी करीत, सांध्यात फट राहिली तर भुसा कालवून लांबी भरीत, वर पॉलिश. गिऱ्हाइकाकडून पैसे मात्र पक्क्या सागाचे. लांबी भरण्याचे आणि रंग देण्याचे काम या पोराकडे. त्याने मिस्त्रींना एकदा विचारले तर ते म्हणाले, "तू शिकायला आलास की शिकवायला?"

"बुवा," तो मला म्हणाला, "तिथले सर सांगतात उजेड दिसता कामा नये. इथले मिस्त्री सांगतात उजेड बुजव. दोघंही माझे गुरूच. मी कुणाचं ऐकू?"

आणि मी काय सांगितले? सांगितले, "अरे, अजून शिकतोस. आज्ञा पाळणे हा शिष्याचा धर्म. पाप-पुण्य ज्याचे त्याला. दिवस काढ, दाखला हातात पडू दे, मग आपल्या मनासारखे कर." वर त्याला आरुणीची कथा ऐकवली. महाभारताच्या आदिपर्वात आहे. गुरूंनी शेताचा बांध धरायला पाठवले, पाणी काही केल्या अडेना, तेव्हा तो शिष्य स्वतःच त्या खिंडारात आडवा झाला. पोराने माझ्या पायावर डोके ठेवले आणि परत गेला. मला वाटले, छान सांगितले.

२०२१ च्या पावसाळ्यात शहरातल्या एका घरी मला बोलावणे होते. घरच्या बाई विधवा, शिवणकाम करून त्यांनी दोन खोल्या बांधलेल्या. चौकटीपाशी पाय धुवायला थांबलो तर खाली पिठासारखी भुकटी पडलेली. बोट लावले तर चौकटीत बोट शिरले. बाई म्हणाल्या, "बुवा, पक्का साग म्हणून घेतला होता. २०१८ ला बसवला." कारखान्याचे नाव त्यांनी सांगितले. तोच तो. रंग नेमका कोणाच्या हातचा, हे कोण सांगणार? पण त्या साली रंग देणाऱ्या हातांत तो एक हात होता, आणि त्या हाताला परवानगी माझी होती.

त्या दिवसापासून आरुणीची कथा मला वेगळी दिसू लागली. ती कथा आज्ञापालनाची खरीच. पण बांधाच्या खिंडारात कोण झोपले? आरुणी स्वतः. गार पाणी त्याच्या अंगावरून गेले, शेजाऱ्याच्या नव्हे. ज्या आज्ञेची किंमत शिष्य आपल्या देहाने भरतो ती निष्ठा. ज्या आज्ञेची किंमत तिसराच कोणी, त्याला न कळत, भरतो, तिला निष्ठा म्हणता येईल काय? माझ्या मते येत नाही. मी पोराला उदाहरण दिले पहिलीचे आणि करायला लावली दुसरी.

तैत्तिरीय उपनिषदाची शिक्षावल्ली मी विद्यार्थिदशेपासून म्हणत आलो आहे. तेथे विद्या संपवून निघालेल्या शिष्याला आचार्य स्वतः बजावतात, की आमचे जे आचरण चांगले असेल तेवढेच उचल, बाकीचे घेऊ नकोस. गुरूने शिष्याला दिलेली ही सगळ्यांत मोठी मोकळीक आहे. गुरूच्या शब्दातूनही निवड करायची असते, आणि निवड करण्याचे काम शिकणाऱ्यावरच सोडलेले आहे. हे मला पाठ होते. पोर समोर बसले तेव्हा आठवले नाही. घोकलेल्या विद्येचे असेच होते.

आता कोणी म्हणेल, बुवा, तुम्हाला बोलायला काय जाते? तुम्हाला नारळ आणि दक्षिणा मिळते, त्या पोराला विद्यावेतन मिळत होते, तेही मालकाच्या हातून. तो भांडला असता तर दुसऱ्या दिवशी रस्त्यावर. हे खरे आहे आणि मी ते हलके लेखत नाही. पापाचे वाटे करायचे तर मोठा वाटा मालकाचा, कारण नफा त्याचा. त्याखालचा मिस्त्रीचा, कारण त्याला लाकूड कळत होते आणि तोंडही होते. पोराचा वाटा लहान. पण लहान म्हणजे शून्य नव्हे. गावगाड्यात सुतार शेतकऱ्याचे औत भरी आणि खळ्यावर बलुते घेई. नांगर मोडला की तोच शेतकरी दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात. त्या व्यवस्थेत जुलूम होता, मान नव्हता, ती परत यावी असे मी म्हणणार नाही. मात्र ज्याचे काम करतो त्याचे तोंड रोज दिसे. कारखान्यातल्या शिकाऊ हाताला ते तोंड दिसतच नाही. दिसते ती फक्त चौकट. म्हणून त्याने न दिसणारे तोंड मनाशी धरायला शिकले पाहिजे, आणि हे कोणत्याच अभ्यासक्रमात नाही.

मग त्याने करायचे तरी काय? मी आज त्याला असे सांगेन: मालकाशी भांडू नकोस, पण रंगाचा ब्रश हातात घेऊ नकोस. दुसरे काम माग. झाडू मार, धार लाव. गिऱ्हाइकाने समोर येऊन विचारले तर खोटे बोलू नकोस. एवढे करूनही काढून टाकले तर आमच्या घरी जेवायला ये. हे शेवटचे वाक्य मी तेव्हा म्हणू शकलो असतो. तेवढे तांदूळ घरात होते.

मी त्याला बोलावून बाईंची चौकट सांगितली. तोवर तो कारखाना सोडून गावोगाव काम करू लागला होता. आता त्याची हत्यारे बरी आहेत. २०२३ साली निघालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतून त्याला मिळाली. त्या योजनेत अठरा व्यवसाय आहेत, पाच-सात दिवसांचे शिक्षण, त्या काळात रोजचे पाचशे रुपये आणि हत्यारांसाठी पंधरा हजारांपर्यंत मदत. आठवड्यात सुतार होत नाही, पण झालेल्या सुताराला पटाशी मिळते. पण तेव्हा, २०२१ साली, त्याच्याकडे जुनीच हत्यारे होती. तो काही बोलला नाही. दुसऱ्या आठवड्यात बाईंकडे गेला, जुनी चौकट काढली, सागाची नवी केली. पॉलिश करण्याआधी बाईंना उजेडात उभे करून लाकूड चारी बाजूंनी दाखवले. मजुरी घेतली नाही.

लाकडाचे पैसे किती झाले ते मी विचारले. त्याने सांगितले. निम्मे मी त्याच्या हातावर ठेवले. मला भीती होती की तो "बुवा, तुमच्याकडून कसे घेऊ?" म्हणेल. त्याने तसे म्हटले नाही. नोटा मोजल्या, खिशात घातल्या आणि गुण्या पिशवीत टाकून निघाला.