मर्यादा कुणी आखायची?

मराठीत ‘मर्यादा’ हा शब्द समुद्रालाही लागतो आणि माणसालाही. समुद्राने मर्यादा सोडली की पाणी गावात शिरते, माणसाने सोडली की त्याचे वागणे घसरते. समुद्राची मर्यादा किनाऱ्यावरून दिसते, माणसाची मात्र ज्याची त्याला ठाऊक असते. बँकेच्या व्यवहारात हाच शब्द ‘लिमिट’ होऊन येतो. कार्डाची लिमिट दोन लाख, म्हणजे बांध बँकेने घातला, माणसाने त्याच्या अलीकडे राहायचे. पण कार्डांमध्ये एक जुना प्रकार असाही आहे, ज्याला बांध आधी घालून दिलेलाच नसतो. त्याचे नाव चार्ज कार्ड. खर्चाची मर्यादा कुणी आखायची आणि ती पाळणाऱ्याची पत कुणी ठरवायची, हा धर्मचिंतनातला जुना प्रश्न या कार्डाने आजच्या खिशात आणून ठेवला आहे.

१९५० साली न्यूयॉर्कमध्ये फ्रँक मॅकनमारा आणि राल्फ श्नायडर यांनी डायनर्स क्लब सुरू केला. कार्ड पुठ्ठ्याचे होते. ठरलेल्या हॉटेलांत जेवायचे, सही करायची आणि नंतर आलेले बिल एकरकमी भरायचे. ऑक्टोबर १९५८ मध्ये अमेरिकन एक्स्प्रेसनेही आपले चार्ज कार्ड आणले. त्याच्या महिनाभर आधी कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरात बँक ऑफ अमेरिकाने सुमारे ६०,००० कार्डे न मागता लोकांच्या घरी टपालाने पाठवली होती. ही क्रेडिट कार्डे. त्यांना लिमिट होती, पण बाकी पुढच्या महिन्यात ओढण्याची मुभाही होती, अर्थात व्याज देऊन.

एकाच वर्षी दोन वेगळ्या वृत्तींची कार्डे बाजारात आली. चार्ज कार्ड म्हणते, हवे तेवढे खर्च करा, पण देणे मागे ठेवू नका. क्रेडिट कार्ड म्हणते, इतकेच खर्च करा, देणे मात्र सावकाश फेडा. एकाने मर्यादा मुदतीला घातली, दुसऱ्याने रकमेला.

‘आधी ठरवलेली मर्यादा नाही’ याचा अर्थ ‘मर्यादाच नाही’ असा होत नाही, आणि इथेच अनेकांची गफलत होते. चार्ज कार्डावरचा प्रत्येक व्यवहार त्या-त्या वेळी तपासला जातो. आजवरचा खर्च किती, बिले वेळेवर भरली का, उत्पन्न काय, इतर कर्जे किती, हे पाहून कंपनी होकार किंवा नकार देते. दरमहा साठ हजारांचा खर्च असलेल्या माणसाने एका दुपारी सहा लाखांचे दागिने घ्यायचे ठरवले, तर कार्ड अडू शकते. म्हणून एवढी रक्कम चालेल का, हे आधी विचारून घेण्याची सोय कंपन्यांनी ठेवलेली असते. अमेरिकेत अशा अनेक कार्डांना आता काही रक्कम व्याजाने हळूहळू फेडण्याची सवलतही जोडलेली असते, आणि त्या सवलतीला मात्र लिमिट असते. थोडक्यात, बांध आहे. तो फक्त दिसत नाही, आणि रोज थोडा सरकतो.

आता पतगुणांकन, म्हणजे क्रेडिट स्कोअर, या कार्डाकडे कसे पाहते ते पाहू. अमेरिकेतला सर्वांत प्रचलित फायको स्कोअर ३०० ते ८५० या पट्ट्यात असतो. त्यात परतफेडीच्या इतिहासाला ३५ टक्के, देणे किती आहे याला ३० टक्के, खात्यांच्या वयाला १५ टक्के, नव्या कर्जांना १० टक्के आणि कर्जांच्या प्रकारांना १० टक्के वजन आहे. ‘देणे किती’ मोजताना लिमिटच्या तुलनेत वापर किती, हे पाहिले जाते. दोन लाखांच्या लिमिटवर दीड लाख खर्च झाले, तर वापर ७५ टक्के. पैसे वेळेवर भरले तरी त्या महिन्यापुरता गुणांक घसरू शकतो.

चार्ज कार्डावर हेच दीड लाख खर्च झाले, तर भागायचे कशाने? छेदच नाही. फायकोच्या जुन्या आवृत्त्यांनी यावर एक तोडगा काढला होता. त्या खात्यावर आजवर झालेला सर्वांत मोठा खर्च हीच जणू लिमिट, असे त्या धरत. मग एखाद्याने नेहमीपेक्षा थोडा जास्त खर्च केला, की आकडा शंभर टक्क्यांच्या घरात जाई. नव्या आवृत्त्यांनी हा हट्ट सोडला. लिमिट नसलेले चार्ज कार्ड त्या वापराच्या गणितातून वगळतात. परतफेडीचा इतिहास मात्र कुठल्याच आवृत्तीत सुटत नाही. देणे तीस दिवसांहून जास्त थकले आणि तशी नोंद झाली, की ती अमेरिकेत सात वर्षांपर्यंत अहवालात राहू शकते.

यात विचार करण्याजोगे काही असेल तर ते हे. जिथे मर्यादा बाहेरून घातलेली असते, तिथे यंत्र माणसाला मोजू शकते. जिथे ती माणसाने स्वतः पाळायची असते, तिथे यंत्राला फक्त एवढेच कळते, की पैसे आले की नाही. संयम त्याला दिसत नाही.

‘क्रेडिट’ शब्दाचे मूळ लॅटिनमधल्या ‘विश्वास ठेवणे’ या क्रियापदात आहे, आणि भाषाशास्त्रज्ञ त्याच क्रियापदाला संस्कृतातल्या ‘श्रद्धा’ शब्दाचे नाते सांगतात. श्रद्धा म्हणजे पुराव्याच्या पुढे टाकलेले पाऊल. गावचा वाणी वहीत उधारी लिहायचा, तेव्हा त्यात हिशेब असे आणि अशी श्रद्धाही असे. आजारपण आले, पाऊस गेला, तर तो महिनाभर थांबे. गुणांकाला थांबण्याचे कारण समजत नाही. रुग्णालयात पडल्यामुळे चुकलेली तारीख आणि उधळपट्टीमुळे चुकलेली तारीख त्याला सारखीच.

पण वाण्याच्या वहीचे गोडवे गातानाही सत्य सोडू नये. ती श्रद्धा सर्वांच्या वाट्याला कधीच आली नाही. कोण कुठल्या आळीतला, कुठल्या जातीचा, बाई असेल तर कुणाची कोण, हे पाहून उधारी मिळे किंवा नाकारली जाई. अमेरिकेतही १९७४ चा समान पतसंधी कायदा येईपर्यंत अनेक स्त्रियांना नवऱ्याच्या सहीशिवाय कर्ज वा कार्ड मिळणे अवघड होते. १९५६ साली बिल फेअर आणि अर्ल आयझॅक या दोघांनी आकड्यांवरून कर्जदार पारखणारी कंपनी काढली. माणसाच्या चेहऱ्याऐवजी त्याच्या व्यवहाराकडे पाहणारी ही पद्धत पुढे पसरली, तेव्हा अनेकांसाठी तो न्यायाकडे जाणारा रस्ता ठरला. आकडा आंधळा असतो हा त्याचा दोष आहे, तसा काही बाबतींत गुणही आहे.

भारतीय परंपरेने ऋणाचा विचार आणखी खोलवर नेला. तैत्तिरीय संहितेत ब्राह्मण जन्मतःच तीन ऋणे घेऊन येतो असे म्हटले आहे: ऋषींचे, देवांचे आणि पितरांचे. शतपथ ब्राह्मणाने त्यात चौथे, मनुष्यांचे ऋण जोडले. या विचारात ऋणमुक्त जन्मच नाही. माणूस देणेकरी म्हणूनच डोळे उघडतो. गुणांकाची व्यवस्था याच्या अगदी जवळ येते आणि मग उलट दिशेला जाते. भारतात ज्याने कधीच कर्ज घेतले नाही, त्याच्या सिबिल या पतमाहिती कंपनीच्या अहवालात ३०० ते ९०० मधला आकडा येत नाही, इतिहासच नसल्याची नोंद येते. आयुष्यभर रोखीने जगलेला, कुणाचा रुपया न बुडवलेला शिक्षक या यंत्रणेला अनोळखी असतो. पुण्याहून न्यू जर्सीला गेलेल्या अभियंत्याचीही गत अशीच. भारतातली त्याची उत्तम पत तिथल्या पतमाहिती कंपन्यांच्या नोंदीत नसते, आणि त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. प्राचीनांनी सांगितलेली ऋणे कृतज्ञतेची होती, अध्ययनाने, यज्ञाने, संततीने, अतिथीच्या सत्काराने फिटणारी. गुणांकाला हवे ते ऋण मात्र बँकेचेच असावे लागते.

परंपरेने मर्यादा फक्त देणेकऱ्यालाच घातली नाही. दामदुप्पट हा धर्मशास्त्रातला नियम असा, की सावकाराला एका वेळी मुद्दलाहून जास्त व्याज वसूल करता येत नाही. इंग्रजी अमलातही मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनी तो हिंदू ऋणकोंच्या बाबतीत मानला. आज क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवरचे व्याज वर्षाला चाळीस टक्क्यांच्या वरही जाते. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये त्यावर ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. घेणाऱ्याच्या प्रत्येक पावलाला गुणांक आहे, देणाऱ्याच्या हावेला तसा बांध उरलेला नाही. हे असंतुलन धर्माच्या कसोटीवर टिकणारे नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे.

तुकोबांच्या घरी वडिलोपार्जित सावकारी होती. परंपरा सांगते, की दुष्काळानंतर त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडली आणि भावाच्या वाट्याची भावाकडे दिली. या कथेत एक बारकावा आहे. तुकोबांनी बुडवले ते फक्त स्वतःचे येणे, दुसऱ्याच्या हक्काला त्यांनी हात लावला नाही. मर्यादा कुणी आखायची, याचे उत्तर या कृतीत दिसते. ती ज्याच्या हाती सत्ता आहे, त्याने आधी स्वतःला आखायची. सावकाराने, बँकेने, कार्ड कंपनीने, आणि कार्ड हाती असलेल्या माणसानेही.

म्हणून चार्ज कार्ड बाळगणाऱ्याने कंपनीचा अदृश्य बांध कुठे आहे, याचा शोध घेत बसू नये. महिन्याला किती खर्च करायचा आणि किती एकरकमी फेडता येईल, हा आकडा स्वतः लिहून ठेवावा. ज्याच्याकडे क्रेडिट कार्ड आहे, त्यानेही लिमिटला स्वतःची ऐपत समजू नये. आणि दिवाळीत व्यापारी वहीपूजन करतात, तसा वर्षातून एक दिवस आपल्या पतव्यवहाराच्या नोंदी उघडून पाहण्यासाठी ठेवावा. भारतातल्या चारही पतमाहिती कंपन्यांना दरवर्षी एक संपूर्ण अहवाल मोफत द्यावा लागतो. त्यात चूक असेल तर तक्रार करावी. ती तीस दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळण्याचा हक्क रिझर्व्ह बँकेने ग्राहकाला दिला आहे.